बायको जामीन राहिली होती

बायको जाऊन अजून वर्ष झालं नाय. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आबा, आईचं पतसंस्थेतलं खातं बंद करा, शेअरचे पैसे काढून घ्या." म्हणून मी उस्मानपुऱ्यात संस्थेच्या कचेरीत गेलो. त्या संस्थेच्या पायऱ्या मी तोवर कधी चढलो नव्हतो. पतसंस्था म्हटलं की मला बंद शटरपुढं बसलेली माणसंच दिसतात. बायको दर महिन्याला तिथं पैसे भरायची. मी म्हणायचो, "भर. बुडाले तर माझ्यापुढं रडू नको." घरात तिचा आवाज चढलेला मी ऐकला नाय.

काउंटरवरच्या पोरीनं कागद बघितले, आत जाऊन आली. "काका, पैसे लगेच नाय निघणार. मावशी एका कर्जाला जामीन आहेत."

भाजीचा भाव करायला मला पुढं करणारी बाई, ती जामीन?

"कोणाला?"

"शहागंजात नानची भट्टी आहे एका बाईंची."

"ती आमची कोण लागते?"

"कोणी नाय. सभासद आहेत."

मी तिथंच आवाज चढवला. "मेलेल्या बाईच्या गळ्यात कर्ज घालता? लाज वाटत नाय?" सगळी माणसं वळून बघायला लागली. आतून मॅनेजरबाई आल्या, मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, मावशींच्या गळ्यात काही नाही. पण जामीनदार गेला की कर्जदाराला नवा द्यावा लागतो. नाही मिळाला तर आम्हाला कर्ज एकदम मागावं लागेल, आणि त्या बाईंची भट्टी जाईल."

"मग गहाण का घेत नाय तुम्ही?"

बाई हसल्या. म्हणाल्या, ही संस्था काढली हातगाडीवाल्यांनी, हमालांनी, धुणंभांडी करणाऱ्या बायांनी. सावकार सकाळी पैसे द्यायचा आणि संध्याकाळी व्याजासकट ओढून न्यायचा. बँक दारात उभं करत नव्हती, कारण गहाण ठेवायला यांच्याकडं होतं काय? मग यांनी आपलेच पैसे एकत्र टाकले आणि आपसातच कर्ज द्यायला लागले. एकमेकांची ओळख हेच गहाण. नफा झाला तर सभासदांतच वाटायचा. एक शेअरवाल्याला एक मत, लई शेअरवाल्यालाही एकच.

"आणि जामिनानं नुसती सही करायची नाही, धंदा डोळ्यांनी बघून यायचं, हा नियम मावशींनीच सभेत आणला. चेअरमन म्हणाले, 'बसा बाई, वेळ झाला.' तर म्हणाल्या, 'वेळ तुमचा झाला असंल, पैसा आमचा हाय. मी बसणार नाय.'"

"दुसरी कोणी असंल," मी म्हणालो.

"तशी दुसरी नव्हती हो, काका."

रिक्षा केली आन् शहागंज गाठलं. सही करायला नाय. कोणासाठी माझी बायको सभेत उभी राहत होती, ते तोंड मला बघायचं होतं.

भट्टीपुढं एक जाडजूड बाई कोपरापर्यंत पिठात हात घालून बसली होती. मी कोण ते सांगितलं. ती उठली, पदर डोक्यावर घेतला, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "भाभी इधरच बैठती थी, भाऊ. कितना हसाती थी हमकू!"

हसवायची? माझी बायको?

"माझ्याबद्दल काय बोलायची?"

"बोलूँ?"

"बोला."

"बोलती थी, साब का मुँह कडवा और कान बंद. बाकी आदमी अच्छा है."

मागं तिची सून पदरात तोंड घालून फिदीफिदी हसली. मला राग यायला पाहिजे होता. आला नाय. मी म्हणालो, "चला, सही करतो."

"नक्को!" बाई एकदम कडक झाली. "भाभी के वास्ते सही नक्को करो. पैले भट्टी देखो, धंदा पूछो. भाभी दो बार देखके वापस गई थी, तब सही करी. मैं खैरात नै मांगती."

मग मी बघितलं. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस मी. पीठ कुठून घेता, नान कोण नेतं, उरला तर काय करता, सगळं विचारलं. भट्टीला आत मोठी भेग होती.

"ही कोण्या गाढवानं लिंपली?"

"मेरे मियाँ ने."

"त्यांना म्हणावं पुन्हा हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी माती घेऊन गेलो, भेग लिंपली. भट्टी नीट तापेपर्यंत बसलो. नान खाल्ला. मग संस्थेत गेलो आणि बायकोचे शेअर माझ्या नावावर करायला सांगितले. सभासद झाल्याशिवाय जामीन राहता येत नाय. मॅनेजरबाईंनी विचारलं, "त्यांनी नाही फेडलं तर तुम्हाला भरावं लागेल, समजलं ना?"

"व्हय. समजलं."

सही केली. पायऱ्या उतरलो. कर्जाची भीती वाटली नाय. पोराला फोन लावला, पण सांगावं काय तेच कळंना. आता मी त्या संस्थेत जातो, बाकावर बसतो, आणि येईल त्या सभासदाला विचारतो, "आमची मंडळी सभेत काय बोलायची हो?"