तीनच्या खेळातला सैतान

अकोल्याच्या जुन्या शहरात सिनेमा बदलला की टांगा फिरायचा. दोन्ही बाजूंना रंगवलेले फलक, पुढं ढोलकीवाला आणि मागं भोंगा घेतलेला एक माणूस. हा माणूस प्रत्येक सिनेमाला ‘सहकुटुंब पाहावा असा’ म्हणायचा, मग त्यात दरोडे असोत की जहरप्राशन. त्या उन्हाळ्यात त्यानं हेच सांगून एक भुताचा सिनेमा आमच्या वस्तीच्या गळ्यात मारला. दुपारी तीनचा खेळ खास बायकांसाठी होता. कापसाचा हंगाम सरला होता, सरकी काढायचा जिन बंद होता, त्यामुळं तिथं कामाला जाणाऱ्या आईला दुपार मोकळी होती. आई, माझी मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आणि नऊ वर्षांची मी, अशा तिघी डोक्यावर ओले पंचे टाकून मोर्णा नदीचा पूल ओलांडून गेलो.

बायकांच्या त्या खेळांची आठवण आली की मला आजही बरं वाटतं. पडद्यावर चाले त्याहून जास्त पडद्याखाली चाललेलं असायचं. पोरं रडत, फुटाण्याच्या पुड्या सुटत, एखादी बाई पडद्यावरच्या सासूला उभी राहून शिव्या घाली आणि बाकीच्या तिला दुजोरा देत. बाहेरच्या उन्हातून आत आलं की नुसता अंधारसुद्धा गार लागायचा. आता मी घरी बसून एकटीच सिनेमा पाहते. शिव्या घालायला सोबत कोणी नाही, त्यामुळं निम्मी गंमत गेली आहे.

सिनेमा असा होता. खात्यापित्या घरातला शिकलेला धाकटा मुलगा देव्हाऱ्यातले देव उचलून बाहेर काढतो. म्हणतो, हे धातूचे तुकडे आहेत. त्याच दिवशी रिकाम्या देव्हाऱ्यात एक सैतान येऊन बसतो. मग म्हातारा जातो, दारची गाय जाते, घरातली लहान मुलगी तापानं फणफणते आणि भिंतीकडे पाहून पुरुषाच्या आवाजात हसते. शेवटी मोठी सून देव परत आणून बसवते आणि सैतान जळून जातो. तेव्हा बायकांनी टाळ्या पिटल्या. आम्हा तिघींचे हात मात्र मांडीवरच राहिले.

कारण देव्हारा आमचाही रिकामा होता. तीन वर्षांपूर्वी आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि जुने देव पुजणार नाही अशी शपथही. परत आल्यावर आईनं घरातले सातही टाक, म्हणजे देवांचे ठसे उमटवलेले ते छोटे पत्रे, मोर्णेत सोडले होते. सोडण्याआधी तिनं ते चिंचेनं घासून लख्ख केले. वडील म्हणाले, “पान्यातच टाकाचे हायत तं घासून काहून राहिली?” आई म्हणाली, “पावन्याले मळक्या कपड्यानं काढून देतो का आपन?” वडील बोलण्यात सहसा कोणाला हार जात नसत, पण त्या दिवशी त्यांनीच टाक फडक्यात बांधून दिले.

वडिलांचा न्याय सरळ होता: देव गेले म्हणजे भूतंही त्यांच्या मागोमाग गेली. मलाही तो पटला होता. पण देवांना आपण रीतसर नदीवर नेलं, भुतांना कोणीच नेलं नव्हतं, हे त्या सिनेमानं माझ्या ध्यानात आणून दिलं.

दुसऱ्याच दिवशी मला ताप भरला. उन्हानं भरला असेल, पण मला तो पडद्यावरून अंगात आल्यासारखा वाटला. दवाखान्यातलं कडू लाल औषध दोन दिवस घेतलं, उतार पडला नाही. आमच्या देव्हाऱ्याच्या कोनाड्यात आता आई मीठ-मिरचीचे डबे ठेवायची. तिसऱ्या दिवशी त्या डब्यांच्या मागं कोणीतरी बसलंय असं मला दिसायला लागलं, आणि मी ते ओरडून सांगितलं.

माझा ओरडा ऐकून शेजारच्या घरातून मोठी आई आली. वडील हमालीला स्टेशनावर गेलेले. तिनं पदराआडून तिच्या घरच्या देवांतला एक टाक काढला. दीक्षा तिनंही आमच्यासोबतच घेतली होती, पण एक तरी आपला असू द्यावा म्हणून हा ज्वारीच्या कोठीत दडवून ठेवला होता.

“घे,” ती आईला म्हणाली. “कोनाड्यात ठेव. पोट्टी बरी झाली की नेतो मी वापस. तुह्या मालकाले मालूमबी पडनार नाही. शिनेमात पाह्यलं ना तुनं?”

आईनं टाक हातात घेतला. मी अंथरुणातून पाहत होते आणि खरं सांगायचं तर मनात म्हणत होते, ठेव गं, लवकर ठेव. आई कोनाड्यापाशी गेली. तिनं मिठाचा डबा बाजूला सरकवला. टाकापुरती जागा झाली. घेतलेली शपथ एका बाजूला आणि मी एका बाजूला, अशी ती तिथं बराच वेळ उभी राहिली.

“बाई,” ती पाठमोरीच म्हणाली, “सातही देव इथंच बसले होते. रोज दिवा होता. मंग माहा पयला पोरगा कसा गेला, तुमीच सांगा.”

मोठी आई माझ्या अंथरुणाशी येऊन बसली.

“तीन दिस तापला होता. याच देवायच्या पायाशी ठेवला होता म्या त्याले. तवा कोन्तं सैतान आलतं घरात?”

तिनं टाक मोठ्या आईच्या हातात परत दिला आणि मिठाचा डबा होता तिथं सरकवून ठेवला. “आज ताप नाही उतरला तं उद्या मोठ्या डाक्टरकडे नेतो हिले,” म्हणाली, आणि फडकं भिजवून माझ्या कपाळावर ठेवलं. ताप पुढं दोन दिवसांनी उतरला, डॉक्टरच्या सुईनं.

पण त्या दुपारी मला डब्यांमागं पाहायचं भानच राहिलं नाही. माझ्याआधी या घरात एक मुलगा होता, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. माझ्यासमोर त्याच्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढला नव्हता. मोठी आई गेल्यावर मी विचारलं, “त्याचं नाव काय होतं वं माय?”

आईनं नाव सांगितलं. सांगताना ती जराही अडखळली नाही. मग मात्र पदरात तोंड घालून रडायला लागली, आणि मी तापलेल्या हातानं तिची पाठ थोपटत राहिले.