गाडीचा उपास आणि सासूबाईंचं भरीत

आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेली बाई जाताना वाण घेऊन जाते आणि एखादा किस्सा ठेवून जाते. वाणाच्या चाळण्या, डबे, आरसे मी दरवर्षी वाटून मोकळी होते. किस्से मात्र कुणी परत नेत नाही! ते साचत जातात. यंदा तर बाहेरच्या बायकांची गरजच पडली नाही. सगळे किस्से आमच्या दारातल्या गाडीनेच दिले.

गाडी बॅटरीवरची. दसऱ्याला आम्ही जळगावात घेतली आणि त्याच दिवशी धुळ्याला माझे नंदोई, सुभाषभाऊ, यांनीही तीच घेतली. रंगही तोच, पांढरा. दोघांचं आधीच ठरलं होतं. आम्हा बायकांना पेढे आले तेव्हा कळलं.

सासूबाईंना गाडी पसंत नव्हती. "धूर नाही, आवाज नाही, मंग चालते कशाच्या जोरावर?" त्यात कुणीतरी त्यांना मोबाइलवर पेटलेल्या गाडीचा व्हिडिओ दाखवला. त्या तडक देवघरात गेल्या, हात जोडले आणि वणीच्या देवीला नवस बोलल्या, "माय, माह्या लेकाले सुखरूप ठेव. याच गाडीत बसून तुह्या गडावर येईन. तोवर भरीत खानार नाही!"

सासूबाईंचं माहेर असोदा. असोद्याच्या बाईने भरीत सोडणं म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी एवढंच समजावं, की थंडी पडली की इकडे पाहुण्याला "कसे आहात" विचारत नाहीत, "भरीत झालं का?" विचारतात.

दिवाळी झाली की गडावर जायचंच होतं, म्हणून सासूबाई निर्धास्त होत्या. आणि भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीचा मेसेज आला. गाड्यांच्या बॅटरीत दोष असू शकतो, रिकॉल केला आहे, बॅटरी फुकट बदलून मिळेल, नंबर लागेपर्यंत लांबचा प्रवास करू नये!

"पाह्यलं?" सासूबाई ह्यांना म्हणाल्या. "मी उगाच नवस केला का?"

"आई, मग आपण बसने जाऊन येऊ ना."

"नवस बसचा नाही, गाडीचा हाये. देवीसंगं चलाखी करू नको!"

* * *

मेसेजमध्ये खाली नियम होते. ह्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. गाडी पूर्ण चार्ज करायची नाही, ऐंशी टक्क्यांवर थांबायचं. रात्री चार्जिंगला लावायची नाही. छपराखाली उभी करायची नाही, घरापासून लांब, उघड्यावर ठेवायची.

मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "अहो, पोटभर खायचं नाही, रात्रीचं खायचं नाही, निजायचं उघड्यावर. हा तर चातुर्मास झाला! गाडीने व्रत धरलंय."

हे हसले, पण मी खरंच बोलत होते. व्रत म्हटलं की माणूस नियम पाळतो. सूचना म्हटलं की विसरतो. मी लगेच गाडीच्या चार्जरला हळदीकुंकू लावलं आणि ह्यांना बजावलं, "आता चुकायचं नाही. मोडलं तर दोष लागतो."

ह्यांनी ते कौतुकाने धुळ्याला सांगितलं. तिथेच घोटाळा झाला.

* * *

सुभाषभाऊंचा स्वभाव म्हणजे एकदा पटलं की पटलं. ऐंशीच्या वर जाऊ द्यायची नाही ना, मग ते चार्जरसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून राखण करायला बसले. दुपारची वेळ, पोटात जेवण. डोळा लागला.

जाग आली आणि त्यांनी मला फोन केला. आवाज रडवेला. चिडले किंवा घाबरले की सुभाषभाऊ अहिराणीवर येतात.

"वहिनी, मनी गाडीना उपास मोडी गया!"

"किती झाली?"

"त्र्याऐंशी! आते काय करू?"

मी म्हटलं, घाबरू नका, चुकून मोडला तर प्रायश्चित्त असतं. देवळाला प्रदक्षिणा घाला, गाडीनेच. वरचं सगळं आपोआप उतरेल.

ते महादेवाच्या देवळाला गाडी घेऊन गेले आणि फिरत राहिले. पुजारी बाहेर येऊन बघायला लागले. तिथे एक जुना मित्र भेटला, त्याला घरी सोडलं. मित्राच्या बायकोने चहा केला. तिचा भाऊ दोंडाईच्याच्या एसटीने जाणार होता, त्याला स्टँडवर सोडलं. घरी पोचेपर्यंत गाडी साठवर आली! मग परत चार्जिंग, परत खुर्ची.

संध्याकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, हे पुन्हा झोपले. आता पंच्याऐंशी झालीय. प्रदक्षिणा उलट्या घालायच्या का?"

* * *

आमच्याकडे वेगळंच. गाडी घरापासून लांब ठेवायची म्हणून ह्यांनी ती कॉलनीच्या मोकळ्या पटांगणात नेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वच्छ ऊन. पहिले चार दिवस लोक लांबून बघायचे. शेजारचे चौधरी नाना रोज वाळूची बादली घेऊन फेरी मारायचे. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, सहज. वाळूला फिरवून आणतो."

मग संक्रांत जवळ आली. बायकांना धुतलेले तीळ वाळवायला जागा हवी. खाली ठेवले तर कुत्री, गच्चीवर ठेवले तर कबुतरं. सासूबाईंनी एक जुनं लुगडं बॉनेटवर अंथरलं आणि तीळ पसरले. दुसऱ्या दिवशी चौधरी काकूंचे तीळ टपावर आले. तिसऱ्या दिवशी मागच्या काचेवर कुणाचे तरी शेंगदाणे!

नेमका त्याच दिवशी कंपनीचा माणूस पाहणीला आला. गळ्यात कार्ड, हातात टॅब. तो गाडी शोधत दोनदा तिच्या बाजूने गेला.

"मॅडम, गाडी कुठे आहे?"

"तिळाखाली."

त्याने कपाळाला हात लावला. "अहो, रिकॉलची गाडी आहे! हिच्यावर पेट घेणारी वस्तू ठेवायची नसते. तिळात तेल असतं!"

सासूबाई शांतपणे तीळ हलवत म्हणाल्या, "अरे बाप्पा, अजून घान्यावर कुठं नेलेत ते!"

* * *

पौष अर्धा झाला तरी नंबर लागेना. बाजारात पांढरट हिरव्या वांग्यांचे ढीग लागले. सासूबाई भाजीवाल्यासमोर उभ्या राहायच्या, वांगं उचलायच्या, देठ बघायच्या, अंगठ्याने दाबायच्या, आणि मेथी घेऊन घरी यायच्या. मला फार वाईट वाटायचं. मी रोज देवीला दिवा लावताना म्हणायचे, माय, नंबर लवकर लाव.

असोद्याच्या मामांना, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाला, हा नवस माहीत नव्हता. त्यांनी शेतात भरीत पार्टी ठेवली. आम्ही चौधरी नानांच्या गाडीतून गेलो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या, काड्यांचा जाळ, वर वांगी, बाजूला कढी, पुऱ्या. धूर आणि वांग्याचा तो वास! सासूबाईंनी मला बाजूला ओढलं.

"वास घेतला तं चालते का वं?"

उपासतापासाचं आमच्या घरात मला विचारतात. मी क्षणभर विचार केला. "चालतो, आई. वासाला दोष नाही."

बस! सासूबाई जाळाच्या बरोबर त्या बाजूला जाऊन बसल्या जिकडे धूर येत होता. धूर फिरला की पाट उचलून त्याही फिरायच्या. डोळ्यांतून पाणी, चेहरा तृप्त. ताटात नुसती कढी-पुरी. एका पुरीचा घास, एक लांब श्वास. पुन्हा घास, पुन्हा श्वास.

भरीत वाढताना मामांनी पातेल्यात बघितलं आणि ओरडले, "अक्का, थांब! आम्हाले ठेव थोडं! नाकानंच निम्मं संपवलं तू!"

* * *

शेवटी सासूबाईंनीच कंपनीला फोन लावायला सांगितला. हे म्हणाले, "आई, तिथे कुणी ऐकत नाही." पण फोन लागला, ह्यांनी तो स्पीकरवर ठेवला आणि एका मुलीने फार गोड आवाजात विचारलं, "आपली तक्रार काय आहे?"

"भरीत," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. व्हिडिओ, नवस, देवी, धूर. मुलगी ऐकत राहिली. बोलण्याच्या ओघात कळलं, ती कुठल्या लांबच्या शहरात एकटी राहत होती, डब्यावर जेवत होती. तिने हळूच विचारलं, "आजी, पण भरीत करतात कसं?"

सासूबाईंनी खुर्ची ओढून घेतली. वांगं कुठलं घ्यायचं, जाळ कसा असावा, लाकडी, उखळासारख्या बडगीत ठेचायचं, मिक्सरला लावलं तर पाप लागतं, हिरवी मिरची, लसूण, वरून कांद्याची पात. मुलगी म्हणे, "आजी, मिरच्या किती?" सासूबाई म्हणत, "घरात मानसं किती?" "मी एकटीच." "मंग सुट्टीत घरी जा अन् आईपाशी कर. एकट्याचं भरीत गोड लागत नाही."

मुलगी नाक ओढून म्हणाली, "हो आजी."

फोन ठेवल्यावर ह्यांच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला, "आपली 'भरीत' या विषयावरील तक्रार नोंदवली आहे. सुटे भाग उपलब्ध होताच कळवण्यात येईल."

* * *

माघात नंबर लागला! आमचा आणि सुभाषभाऊंचा एकाच दिवशी. ते धुळ्याहून ऐंशी टक्क्यांवर, जीव मुठीत धरून, वाटेत दोनदा थांबत जळगावच्या सर्व्हिस सेंटरला आले. लांबचा प्रवास करू नका म्हणणाऱ्या कंपनीनेच बोलावलं होतं, मग काय करणार!

मी नारळ, उदबत्ती, साखर घेऊन गेले होते. व्रताचं उद्यापन नको का करायला? दारातला माणूस म्हणाला, "ताई, आत हाय व्होल्टेज आहे. उदबत्ती चालणार नाही." मी साखर तेवढी आत नेली.

आत गाडी उंच उचललेली. भोवती पिवळी पट्टी बांधलेली. मेकॅनिकच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, आणि सारखा सांगतोय, "कोणी जवळ येऊ नका, मला हात लावू नका!"

सासूबाईंना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या कंपनीबद्दल आदर वाटला. पदर डोक्यावर घेत त्या माझ्या कानात म्हणाल्या, "पाह्य, केवढं सोवळं पाळते पोरगं! आपल्याकडं देवघरातसुद्धा इतकं नाही."

* * *

पुढच्याच मंगळवारी आम्ही गडाला निघालो. सासूबाई पुढच्या सीटवर, मांडीवर ओटीचं सामान. घाट लागला तशी त्यांनी डोळे मिटले ते वर देवळाच्या पायऱ्यांशी उघडले. दर्शन सुरेख झालं. देवीपुढे त्या बराच वेळ उभ्या होत्या. रांगेतल्या बाईने पाठीला हात लावला तेव्हा पुढे सरकल्या. बाहेर आल्यावर त्यांनी ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला. एवढा मोठा माणूस, पण हे चपला शोधायला म्हणून लगेच खाली वाकले.

परतताना धुळ्याला नणंदेकडे जेवण. हंगाम सरत आला होता, तरी तिने कुठून कुठून वांगी मिळवली होती. अंगणात भाजून, ठेचून, गरम भरीत ताटात आलं. आम्ही सगळे जेवायचं सोडून सासूबाईंकडे बघत बसलो. त्यांनी घास उचलला.

आणि ह्यांचा फोन वाजला. ह्यांनी तो स्पीकरवरच घेतला. तीच मुलगी!

"सर, नमस्कार! तुमच्या गाडीसाठी अजून एक रिकॉल निघालाय. या वेळी सीटबेल्ट. नंबर लागेपर्यंत लांबचा प्रवास टाळा."

सुभाषभाऊंच्या हातातली पुरी तशीच राहिली. नणंदेने कपाळाला हात लावला. हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी देवघराकडे.

सासूबाईंनी घास तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावला. गिळला. पाण्याचा घोट घेतला. मग फोनकडे वाकून म्हणाल्या,

"बाई, देवी समजूतदार हाये. या बारीले मी कारलं सोडते!"