उठवणारी खुर्ची

लाईटवर चालणारी खुर्ची घेऊया, असं ह्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी भाकरी थापत होते, आणि मला हसूच आलं. आमच्या खारेपाटात, खाडीकाठच्या या पट्ट्यात, वारा जरा जोरात सुटला की लाईट जाते. सासरे अर्धे आडवे झालेत आणि लाईट गेली, तर काय खुर्चीसकट उचलायचं त्यांना? शिवाय इथलं खारं वारं. पंख्याची पाती गंजतात, दाराच्या बिजागऱ्या गंजतात, तिथे त्या खुर्चीच्या पोटातली मोटर काय टिकणार? आणि ठेवायची कुठे? बाहेरच्या खोलीत ती ठेवली की आल्यागेल्यानं ओटीवरच बसायचं. नाकापेक्षा मोती जड, म्हटलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

झालं होतं असं, की सासऱ्यांना तपासायला आम्ही अलिबागला नेलं होतं. मी औषधांच्या रांगेत असताना हे त्यांना शेजारच्या फर्निचरच्या दुकानात घेऊन गेले. तिथे ती खुर्ची. एक बटण दाबलं की पाय वर, दुसरं दाबलं की अख्खी खुर्ची पुढे कलते आणि बसलेला माणूस उभा राहतो. सासरे म्हणे परत परत बसले आणि परत परत उठले. मागितली मात्र नाही. त्या माणसानं उभ्या जन्मात स्वतःसाठी काही मागितलेलं मला तरी आठवत नाही.

त्यांची सगळी जिंदगी मिठागरात गेली. म्हातारपणी पायरीवरून घसरले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. वॉकर धरून चालायचे, पण बसले की आपलं आपण उठता यायचं नाही. हे कंटेनर चालवतात. उरणला माल भरला की चार-चार दिवस घराबाहेर. मुलगी पुण्याला शिकते. उरले मी आणि सासरे. मग उठवणार कोण? मीच. समोर उभं राहायचं, त्यांच्या काखेत हात घालायचे, त्यांनी माझ्या मानेला धरायचं, आणि हं म्हणून वर घ्यायचं.

माझं माहेर तळा गावाकडचं. आमच्याकडे एवढं नव्हतं, पण या घरात सुनेनं सासऱ्यांना शिवायचं नाही अशी रीत. लग्न होऊन आले तेव्हापासून पाण्याचा पेला मी खाली ठेवायचा, मग त्यांनी उचलायचा. पाया पडायचं तेही लांबून, जमिनीला हात लावून. खुबा मोडल्यावर मी म्हटलं, दुखण्यात कसली आलीय रीत? जळलं मेलं! आणि ते सगळं गुंडाळून ठेवलं. मला वाटलं, त्यांनीही ठेवलं.

म्हणून राग लाईटचा नव्हताच. मी जितीजागती घरात असताना यंत्र कशाला, हा राग. मुरुडहून नणंदेचा फोन आला, ती म्हणाली, लोक म्हणतील सुनेला सासरा जड झाला. एरवी आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण त्या दिवशी मला तिचं अगदी पटलं. खुर्चीचा विषय तिथेच थांबला.

पुढे सासऱ्यांना ताप भरला, लघवीला जळजळ. डॉक्टर म्हणाले, आजोबा पाणीच पीत नाहीत. मी घरी येऊन चांगलंच फैलावर घेतलं त्यांना. सकाळी तांब्या भरून शेजारी ठेवायची, संध्याकाळी बघावं तर तसाच. गंमत म्हणजे हे घरी असले की तांब्या रिकामा, हे गाडीवर गेले की भरलेला. मला वाटलं, म्हातारा माझ्यावर रुसलाय. ह्यांना म्हटलं, विचारा तुमच्या वडिलांना, माझ्या हातच्या पाण्याला काय विष लागलंय?

ह्यांनी विचारलं. मी स्वयंपाकघरात, मध्ये नुसता पडदा. सासरे हळू आवाजात म्हणाले, "पानी पिलं का उठावं लागतं. उठायचं तर तिच्या गल्यात हात टाकावा लागतो. सून हाय ती माजी. मला लाज वाटते रं. त्यापरीस तहान बरी."

मी कणकेचे हात तसेच धरून उभी. आधी राग आला, खोटं कशाला बोलू? इतकं केलं, आणि सासऱ्यांना त्याची लाज? मग उमगलं. मी ज्याला सेवा म्हणत होते, ती एक माणूस तोंड कोरडं ठेवून सोसत होता. तेही रोज.

रात्रीची जेवणं झाल्यावर मीच ह्यांना म्हटलं, उद्या जाऊन खुर्ची सांगून या. ह्यांनी विचारलं, लाईटचं काय? म्हटलं, दुकानदाराला बॅटरीचं विचारा. गंजली तर? गंजू दे. आणि नणंदेला मी स्वतः फोन लावला. लोकांचं तोंड कोण धरणार, तिला म्हटलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

खुर्ची टेम्पोतून आली. दुकानातली माणसं ती जोडून, चालवून दाखवून गेली, तरी सासरे तिच्याकडे बघेनात. दुपारी टेकले एकदाचे. चहा प्यायले, पाणी प्यायले, आणि बटण दाबलं. खुर्चीनं घूं केलं आणि मी सवयीनं आतून धावत आले, हात पुढे करून. तोवर ते उभे होते. वॉकर धरला, माझ्या बाजूनं गेले, मोरीत जाऊन दार लावून घेतलं.

मी तिथेच. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून उगाच खुर्चीवरचं प्लॅस्टिक सोलत बसले. ते परत आले, खुर्चीपाशी थांबले.

"तुजी पाठ गेली गो माज्यापायी," ते म्हणाले. "रात्री तेल लावून घेतेस, वास येतो मला."

घरात कुणालाच मी ते कळू दिलं नव्हतं. अगदी ह्यांनासुद्धा. मला रडू फुटलं, आणि सासरे मी रडायची थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.