खांद्यावरचे पट्टे

माझ्या धाकट्या भावाला कुणी 'जपून' म्हटलं की तो हसतो. ते हसू मला लहानपणापासून सहन होत नाही. आणि दिवसभर मी ज्यांच्या पाठी बघते, ती माणसंही आधी अशीच हसलेली असतात, म्हणून तर आणखीच नाही.

धुळ्यात देवपूरला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. येणारा माणूस खुर्चीत बसायच्या आधीच सांगतो, "ताई, काहीच झालं नव्हतं, नुसती ट्रॉली खड्ड्यात आदळली." नुसती आदळली आणि मणका दबला. पुढे कितीतरी दिवस त्याला मोरीपर्यंत धरून न्यायला बायको लागते. 'काहीच झालं नव्हतं' हे शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

भाऊ अमळनेरला असतो. खेड्याखेड्यांतला कापूस जिनिंगला पोचवायचा त्याचा धंदा आहे. बंद पडलेल्या एका तेलाच्या मिलच्या शेडमध्ये त्याला एक जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार सापडली. दोनच सीटा, वर टप नाही, बॉनेटवर कोंबड्या बसलेल्या. ती त्याने घरी आणली आणि हिशोबात नसलेला सगळा वेळ तिच्यात घातला. गाडी सुंदर झाली, हे मी रागातसुद्धा कबूल करते.

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मी लेकीला घेऊन आदल्या दिवशीच माहेरी गेले. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आणि मामाची फार लाडकी. सणाच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याजवळ जुन्या गाड्यांचा मेळावा होता. आधी सगळ्या गाड्या नुसत्या मांडून ठेवायच्या आणि मग बंद केलेल्या एका रस्त्यावर घड्याळ लावून पळवायच्या. भाऊ चालवणार आणि शेजारी माझी लेक बसणार, असं दोघांनी परस्पर ठरवलं होतं. त्यासाठी त्याने खोलगट स्पोर्ट सीटा आणि शर्यतीचे पट्टे ऑनलाइन मागवले होते. दोन पट्टे कमरेचे, दोन खांद्यांवरून येणारे आणि मध्ये एक बक्कल. बक्कलवर वहिनीने कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं.

मी सीटच्या मागे डोकावले आणि तिथेच थांबले. खांद्यावरचे पट्टे सीटच्या पाठीवरून सरळ खाली गेले होते आणि गाडीच्या तळाला बोल्टने आवळले होते. मी विचारलं, हे असं का? त्याने मोठ्या कौतुकाने समजावलं. कापसाची गाडी वरपर्यंत भरली की रस्सी वरून टाकतात, खालच्या हुकात अडकवतात, पाय रोवून खाली ओढतात. जितकी खाली ओढाल तितका माल घट्ट.

"आजलगून आपला माल पडना नही, अक्का," तो म्हणाला.

माल पडला नसेल. पण कापसाला पाठीचा कणा नसतो, हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी शांतपणे सांगितलं, खरोखर शांतपणे. गाडी समोरून धडकली की अंग पुढे जातं. पट्टा खांद्यांपासून मागे, जवळपास आडवा, एखाद्या मजबूत दांडीला बांधलेला असेल तर तो अंगाला मागे धरतो. तो तळाला बांधलेला असेल तर खांदे खाली खेचतो, आणि सगळा दाब मणक्यांवर येतो. कमरेचा पट्टाही पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर हवा. शिवाय मांड्यांमधून एक पट्टा हवा, नाहीतर धक्क्यात माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. आणि गाडीला टप नाही, मागे लोखंडी कमानही नाही. हे पट्टे माणसाला ताठ बांधून ठेवणार. गाडी उलटली तर पहिल्यांदा जमिनीला काय लागेल?

तो हसला. "अक्का, आखाजीले माहेरवाशीणनी हात काळा करू नही. जाय, झोका खेळ."

पत्र्याच्या शेडखाली पुरुष पत्ते कुटत बसले होते. आखाजीला आमच्याकडे तेवढी मुभा असते. त्यातल्या एकाने डावावरून मान वर न करता विचारलं, "गाडीनी पाठ दुखस का, अक्का?" सगळे हसले. माझी लेकही हसली, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी भावाला म्हटलं, बस गाडीत. तो बसला. पट्टे मी स्वतः आवळले, समोरून त्याचे दोन्ही हात धरले आणि जोर लावून पुढे ओढलं. पट्टे त्याच्या खांद्यांत रुतले, मान आत गेली. विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, "दाबस. घट्ट शे म्हणून दाबस." म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ज्याला दुखणंसुद्धा मजबुतीचा पुरावा वाटतं, त्याला काय समजवायचं?

मग मी हत्यारांची पेटी उघडून पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि आखाजीच्या नव्या साडीतच गाडीखाली पाठीवर झोपले. पुन्हा हसण्याचा आवाज आला, मी कान दिला नाही. बोल्टखाली एवढासा वायसर होता, रुपयाच्या नाण्याएवढा. भोवतीचा पत्रा काळ्या रंगाने चकचकीत केला होता. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबलं, तर ते आत गेलं. रंगाखाली भोकं बुजवायची लांबी होती आणि लांबीखाली नुसता गंज. सीटचे बोल्टही त्याच पत्र्यात होते. म्हणजे धक्का बसला असता तर खांदे दाबले जायची वेळसुद्धा आली नसती. सीट, पट्टे आणि माझी लेक, सगळं एकत्रच उखडून गेलं असतं.

मी भावाला हाक मारली. तो वाकला, बघितलं, पुन्हा वाकून बघितलं. शेडखालचे पुरुष पत्ते टाकून जवळ आले.

"पत्रा मारी देसूत," तो म्हणाला. "सकाळलगून व्हई जाई."

तेव्हा लेक हळूच म्हणाली, "मम्मी, काल आम्ही चोपडा रोडला गेलो होतो हिच्यातून. काटा शंभरच्या पुढे होता."

मी गाडीखालून बाहेर आले. भाऊ लगेच म्हणाला, "पन काही व्हयनं का? काहीच व्हयनं नही ना?"

पुढे मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सणाचा दिवस, दारात चार माणसं, पूर्वजांच्या नावाची घागर अजून तशीच भरलेली. मी काही पाहिलं नाही. दोन्ही सीटांचे सगळे पट्टे सोडवले आणि कैऱ्या नेण्यासाठी आणलेल्या पिशवीत कोंबले. वहिनी पुरणाच्या मांड्यांचं ताट घेऊन मागे मागे आली. मी घास घेतला नाही. आखाजीला माहेरवाशीण उपाशी दाराबाहेर पडली, अशी गोष्ट आमच्या घरात त्याआधी कधी घडली नव्हती. एसटीत लेक खिडकीकडे तोंड करून बसली. धुळं आलं तेव्हा म्हणाली, "तू मामाचा चार लोकांत अपमान केलास." मी म्हटलं, केला. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

भाऊ तर तेव्हापासून बोललेलाच नाही. वहिनीकडून कळत राहिलं. त्याने गाडीचा तळ कापून काढला, नवा जाड पत्रा बसवला. सीटांच्या मागे डोक्यावर जाईल अशी पाईपची कमान थेट चासीला जोडली, आणि खांद्यांच्या उंचीवर तिला आडवी दांडी. प्रत्येक बोल्टखाली तळहाताएवढी लोखंडी पाटी. मांड्यांमधला पट्टाही आला. मी सांगितलं त्यातलं एक अक्षर त्याने सोडलं नाही, आणि हे मी सांगितलं होतं असं एकदाही कुणाला म्हणाला नाही. माझ्याकडचे पट्टे मागावे लागू नयेत म्हणून सगळे नवे घेतले. नाक कापलं तरी भोकं शाबूत, म्हणतात ते असं.

यंदा आखाजीला मी सकाळपासून पिशवी भरून बसले होते. बहिणीला न्यायला भावाने यायचं, ही आमची रीत. तो आला. त्या गाडीच्या आवाजाने सगळी गल्ली गॅलरीत आली. तो खालीच थांबला, आणि फोन लेकीला आला, मला नाही. गाडीला दोनच सीटा, हे कारण त्याला आयतं मिळालं होतं.

मी वरून पाहत राहिले. लेक बसली. त्याने कमरेचा पट्टा खाली, हाडांवर सरकवून आवळला. मग मांड्यांमधला बक्कलमध्ये अडकवला. मग खांद्यावरचे ओढले, मागे जाऊन दांडीपाशी हात फिरवला, परत येऊन एकदा पुन्हा ओढून बघितलं. सगळं जसं करायला हवं तसं. तो मुळीच घाई करत नव्हता, आणि हसतही नव्हता.

लेकीने वर बघून हात केला. त्याने वर पाहिलं नाही. मला राग आला, इतका की हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. गाडी पांझरेच्या पुलाकडे वळली. लेक नीट बांधलेली आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी आत जाऊन पिशवीतली साडी परत कपाटात ठेवली.