धिरड्यांसोबतचा चहा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला लग्न होऊन मी कापसाच्या मुलखातल्या गोरेगावजवळच्या खेड्यात आले. घरात थोरली जाऊ होती, सुमनआक्का. आदल्या वर्षी तिचं पहिलं लेकरू बारशाआधीच गेलं होतं. बोलायची कमी. पण धिरडी अशी घालायची — जाळीदार, कडेला कुरकुरीत — की शेजारणी पीठ कसं भिजवते ते विचारायला यायच्या.

एका सकाळी नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. न्याहारीला धिरडी ठरली. सोबत प्यायला काय, यावर मात्र चूल पेटली तरी एकमत होईना. सासूबाई म्हणाल्या, वेलची घालून दूध द्या. आक्का म्हणाली, "तिखट धिरड्यावर साधा साखरंचा चहा बरा." आणि मी? मला नव्या घरात काहीतरी दाखवायचं होतं. म्हटलं, मी गुळाचा चहा करते, आलं घालून.

गूळ शेवटी टाकायचा असतो, भांडं खाली उतरवून. मला माहीत होतं ते. पण ओसरीवर पाहुण्यांचे आवाज आले आणि घाईत मी उकळत्या दुधातच गूळ टाकला. बघता बघता सगळं फाटलं. घरातलं होतं नव्हतं ते दूध त्यातच होतं.

सासूबाई आत आल्या. "काहून गं, काय झालं?"

विचार करायलाही मी वेळ घेतला नाही. म्हणाले, "दूध आक्कानं तापवलं होतं. भांडं खरकटं असंल."

तव्यापाशी बसलेल्या आक्कानं वळून बघितलं. मला गूळ टाकताना तिनं पाहिलं होतं. आता बोलेल, आता बोलेल असं वाटलं — तिनं पुढचं धिरडं तव्यावर घातलं. सासूबाई पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "हिच्या हातात काही टिकतच न्हाई. लेकरू न्हाई, दूध न्हाई."

तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? फार तर चार शब्द ऐकावे लागले असते. मी खाली मान घालून कोरा चहा ठेवला.

पाहुण्यांनी तो आवडीनं घेतला. सोयरीकही जमली. बिघडलं ते फक्त आक्काचं. चूल माझ्याकडे आली, ती शेतात गेली — तण निंदायला, कापूस वेचायला. सणासुदीलाही तिला कुणी आत बोलावलं नाही. सासूबाईंचं ते वाक्य गावभर झालं. तिनं मला कधी जाब विचारला नाही. विचारला असता, तर खरं बोलले असते का मी?

एवढंच असतं तर — वय लहान होतं म्हणून मी खपवलं असतं. पण पुढचं राहिलंय.

काही वर्षांनी मला मुलगा झाला. सासूबाईंनी बजावलं, "थोरलीच्या हातात देऊ नको." एका दुपारी मी त्याला घेऊन ओसरीवर बसले होते. आक्का शेतातून आली. हातपाय धुतले, पदराला हात पुसले. "आण गं, घेते जरा. किती रडून राहिलं लेकरू." तिनं हात पुढे केले.

तिच्या हातात काही दोष नव्हता, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी लेकराला छातीशी धरलं, आत गेले आणि दार लोटून घेतलं.

सासूबाई त्या दिवशी घरी नव्हत्या.