राजगीरच्या खुर्च्या

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आयुष्यात एकच ठिकाण बघायचं होतं: बिहारातल्या राजगीरच्या डोंगरावरचा पांढरा स्तूप. आमच्या मंठाळला आलेल्या एका भिक्खूंनी त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतला. मला मास्तरकी लागली आणि सत्तरच्या दशकातल्या एका दिवाळीच्या सुट्टीत मी अप्पांना आणि मायला घेऊन निघालो. मायनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी एवढी बांधून घेतली होती, की अख्ख्या बिहारला पुरली असती.

डोंगरावर जायला रोपवे होता. एकेका माणसाची उघडी खुर्ची तारेला लटकत यायची, पण थांबायची नाही. पाठीशी आली की झटकन बसायचं, नाहीतर ती आपली पुढं जायची. अप्पांचे गुडघे गेलेले, पायवाटेची चढण त्यांना झेपणारी नव्हती. वर उतरवून घ्यायला कुणीतरी हवं म्हणून आधी मी, मग माय आणि शेवटी अप्पा, असं ठरलं.

मी बसलो. एरवी बसमध्येसुद्धा डोळे मिटून घेणारी माय मागच्या खुर्चीत पाटलिणीसारखी ताठ बसली. मी मान वळवून अप्पांकडे पाहिलं. त्यांची खुर्ची आली, तसं त्यांनी अंग चोरलं, एक पाऊल मागं घेतलं आणि मागच्या धोतरवाल्या गृहस्थाला आमच्याकडच्या दखनी हिंदीत म्हणाले, "पैले तुम चलो जी." तो बसला. पुढची खुर्ची आली. "तुम चलो, मेरेकू जल्दी नै." तीही गेली.

"अप्पा, बसा! तुमचा नंबर हाय!" मी ओरडलो.

"आवो, कामून थांबलाव? बसा की!" मायही ओरडली.

तार आम्हाला वर ओढत होती. उडी मारता येत नव्हती, खुर्ची थांबवता येत नव्हती. मी नुसता दांडा धरून ओरडत राहिलो. अप्पा लहान होत होत झाडीआड गेले, तेव्हा मला रडू फुटलं.

वर धोतरवाला उतरला आणि मलाच म्हणाला, "बुजुर्ग बड़े भले आदमी हैं." याच भल्या माणसानं बौद्ध होताना घरातले देव नदीत सोडले होते. मला शाळेत पुढच्या बाकावर बसवावं म्हणून ते हेडमास्तरांशी भांडले होते. पण गावात मोठ्या घरचं कुणी समोरून आलं की वाट सोडून कडेला उभं राहायचं, हे त्यांनी जन्मभर केलं होतं.

आम्ही थांबलो. प्रत्येक खुर्चीत दुसरंच कुणीतरी येत होतं. दुपारी रोपवे बंद व्हायची वेळ झाली, तसे आम्ही स्तूपाला घाईनं हात जोडून खाली आलो.

खालच्या हॉटेलात भात, पातळ डाळ आणि बटाट्याची भाजी मागवली. जेवण झालं की गयेची बस, रात्री परतीची गाडी आणि सोमवारी माझी शाळा. आता पुन्हा वर जाणं नव्हतं. माय भाकरी कुस्करत सांगत होती, "लई मोठा हाय बघा. चारी अंगाला सोन्यावानी भगवंत." अप्पा मान खाली घालून ऐकत होते. "फुलं वाह्यलीस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

कुणीतरी त्यांना हटकलं असणार, याची मला खात्री होती, आणि त्याची गचांडी धरायला माझे हात शिवशिवत होते.

"अप्पा, खरं सांगा. कोन सरा म्हनलं तुमाला?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"कुनी न्हाई रं. आपन कोन, ते हितं कुनाला ठावंबी न्हाई," ते म्हणाले. "खुर्ची आली की माजे पायच मागं सरायले व्हते."