माहिती अपुरी

२०१८ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. चौथी शिकलेला फरशीमिस्त्री, पण आकड्यांत कुणाला हार गेलो नाही. सून स्पर्धा परीक्षेचा प्रश्न मोठ्यानं वाचत होती, "संख्या विसाच्या पुढं, पंचविसाच्या आत आणि विषम आहे. ती मूळ आहे का, हे सांगायला एवढी माहिती पुरते का?"

मूळ मला फरशीनं शिकवलंय. जेवढ्या फरश्यांच्या सारख्या रांगा लागत नाहीत, एकच लांब पट्टी होते, तो आकडा मूळ. मी म्हणालो, "तेवीस! आहे की मूळ."

"आणि एकवीस असली तर, मामंजी?"

"तिच्या सात-सातच्या तीन रांगा लागतात."

"मग कुठली ते ठरतंय का? माहिती अपुरी, हेच उत्तर." ती हसली. "तुम्हाला निकाल द्यायची भारी घाई."

रागावलो, मग धाकटा भाऊ आठवला. तो माझ्या बायकोच्या मातीला आला नव्हता. निरोप पोचला होता आणि तो आला नाही, एवढ्यावर मी नऊ वर्षं अबोला धरला. कारण कधी विचारलंच नाही.

शाळेनं चार वर्षांत दिलं नाही, ते या पोरीनं एका गणितात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं भावाच्या गावी गेलो आणि दारातच विचारलं, "का आला नव्हतास रे?"